कावळ्यांची न्याहारी

त्या सिनेमात एका जागी हात बदलतात. तळ्याच्या पायरीवर बसलेला तरुण नट पत्रावळीवरच्या पिंडापुढे वाकतो, कॅमेरा खाली उतरतो, आणि पिंडावर पाणी सोडणारे हात साठीच्या माणसाचे असतात. नखं जाड, कातडी सैल, उजव्या मनगटावर भाजल्याचा ताजा चट्टा. मी तो सिनेमा दोनदा पाहिला. एकदा घरी लॅपटॉपवर आणि एकदा दिल्लीला, लेकीबरोबर, एका लहानशा सभागृहात. शेजारच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. लेकीच्याही नाही. तिथे मी काही बोलले नाही. इथे सांगते, आणि क्रमाने सांगते, कारण मला दुसऱ्या पद्धतीने सांगता येत नाही.

झाशीतल्या आमच्या मराठी मंडळात गणपतीच्या सामानाची यादी माझ्याकडे असते. त्यामुळे बारसं, मुंज, वर्षश्राद्ध, कुणाकडे काहीही असलं तरी फोन मला येतो. हल्लीच्या मुलींना नारळ किती लागतात हे माहीत नसतं आणि विचारायची लाज वाटते, म्हणून त्या म्हणतात, "ताई, तुमची यादी व्हॉट्सॅप कर दो ना." मी करते. माझ्या मोबाइलमध्ये अशा सगळ्या याद्या नीट नावं घालून ठेवलेल्या आहेत.

गेल्या डिसेंबरात मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला.

"ताई, एक मुलगा तुमच्याकडे पाठवतोय. पुण्याचा आहे. सिनेमा काढतोय. दहाव्याचा प्रसंग आहे, सामान काय लागतं ते त्याला सांगा."

"सांगते की."

"मुलगा चांगल्या घरचा आहे. पण सिनेमा जरा तसला आहे."

"तसला म्हणजे?"

"म्हणजे दोन पुरुषांचा."

"मारामारीचा?"

"नाही हो," अध्यक्षांचा आवाज खाली गेला. "प्रेमाचा."

"मग बरं," मी म्हटलं.

मुलगा आला तो भर थंडीत सँडल घालून. बारीक अंगाचा, दाढीवाला, तिशीचा. प्रेमनगरातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बसून त्याने तीन कप चहा प्यायला आणि सगळं सांगितलं. मोठी कंपनी पाठीशी नाही, पैसे मित्रांनी घातलेले, माणसं मोजकी. गोष्ट एका कादंबरीवरून घेतलेली. ती कादंबरी त्याने कॉलेजात असताना कव्हर घालून वाचली होती.

"कव्हर कशाला?"

"काकू, मागच्या पानावर गोष्ट छापलेली होती ना."

गोष्ट अशी: लहान गावात दोन पुरुष एका घरात राहतात, लोक त्यांना मित्र म्हणतात. एक जण मरतो. दुसऱ्याला क्रियाकर्मात कुणी जवळ येऊ देत नाही. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवत नाही. नातेवाईक एकेक करून सांगतात, तुझ्या आईला सांभाळू, तुझं कर्ज फेडू. कावळा येत नाही. शेवटी मागे उभा असलेला तो दुसरा पुढे येतो, काहीतरी बोलतो, आणि कावळा येतो.

दिग्दर्शक माझ्याकडे बघत होता. मला काय वाटतंय ते त्याला पाहायचं होतं. मला वाटत होतं ते वेगळंच होतं. मी म्हटलं, "आमच्याकडे उलट झालं."

माझा मोठा भाऊ कारखान्यात इंजिनियर होता. त्याच कारखान्यात त्याचे एक मित्र होते, मऊरानीपूरकडचे, बुंदेली घरातले. दोघांना वेगळी क्वार्टरं मिळत होती, दोघांनी एकच घेतलं आणि नोकरीचा सगळा काळ तिथेच काढला. आमच्या घरात याबद्दल कधी बोलणं झालं नाही. दिवाळीत फराळाचा डबा मात्र एकच जायचा, दोघांच्या मापाचा. ते मला बिन्नू म्हणायचे, अजून म्हणतात. बुंदेलीत धाकट्या बहिणीला तसं म्हणतात. मी त्यांना भाईसाब म्हणते.

चार वर्षांपूर्वी थंडीत दादा गेला. दहावा शहराबाहेरच्या तळ्यावर केला. विधी ग्वाल्हेरच्या चुलतभावाने केले. पिंड ठेवला, आम्ही सगळे मागे सरलो. कडुनिंबावर कावळे भरपूर होते, पण एकही खाली येईना. चुलतभाऊ म्हणाला, तुझी स्कूटर विकणार नाही. माझे यजमान म्हणाले, तुझी पुस्तकं नीट ठेवू. मी म्हटलं, वर्षश्राद्ध वेळेवर होईल, काळजी करू नकोस. कावळे वरून बघत बसले. मग चुलतभावानेच हाक मारली, "भाईसाब, आप भी कुछ कह दीजिए." भाईसाब स्कूटरपाशी उभे होते. त्यांनी मान हलवली. नाही. पुन्हा बोलावलं, पुन्हा नाही. ऊन चढलं. दतिया गेटच्या आमच्या गुरुजींनी शेवटी दर्भाचा कावळा वळला आणि तो पिंडाला लावला. शास्त्रात तशी सोय आहे. आम्ही घरी आलो.

"म्हणजे त्यांना बोलावलं होतं," दिग्दर्शक म्हणाला.

"दोनदा."

"मग ते का आले नाहीत?"

"ते मी विचारलं नाही," मी म्हटलं आणि पेन काढलं. "चला, सामान लिहून घ्या."

दर्भ, काळे तीळ, पळसाची पत्रावळ, तांदूळ, दही, तांब्या, पांढरं धोतर. बड्या बाजारात एका फेरीत सगळं मिळतं. गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, सिनेमात मंत्र म्हणणार नाही, पण दर्भ देतो. राहिल्या दोन गोष्टी: कावळे आणि फोटो.

फोटोचा घोळ असा की मेलेल्याचं काम करणाऱ्या नटाच्या फोटोला हार घालायचा होता, आणि नटाची आई कानपूरहून फोनवर रडायला लागली. जिवंत मुलाच्या फोटोला हार घालू देणार नाही म्हणाली.

"तिचं बरोबर आहे," मी दिग्दर्शकाला म्हटलं.

"मग काय करू? फोटो मागे धूसरच दिसणार आहे, पण कुणाचा तरी लागेल ना."

"मी बघते."

ज्याला आता कशाचंच अशुभ होणार नव्हतं असा फोटो मला माहीत होता. दादाचा फ्रेम केलेला मोठा फोटो भाईसाबांच्या क्वार्टरमध्ये होता. आणि कावळ्यांनाही तेच माणूस. भाईसाब रोज सकाळी गच्चीवर कावळ्यांना घालतात, सगळ्या कॉलनीला ठाऊक आहे. दोन्ही कामांपुढे मी त्यांचं नाव लिहिलं आणि त्या दुपारी गेले.

क्वार्टरमध्ये खोकी बांधून ठेवलेली होती. भाईसाब महिनाअखेर रिटायर होणार होते. चावी देऊन ललितपूरला पुतण्याकडे जायचं ठरलेलं होतं, निदान पुतण्याने तरी ठरवलेलं होतं. पण खोकी नुसतीच उभी होती. एकातही काही भरलेलं नव्हतं. मी एकेक उघडून पाहिलं.

"काए बिन्नू, तलाशी लै रईं?"

"तुमचं सामान कधी बांधायचं, भाईसाब? महीना निकल रहा है."

"हो जाएगा," ते म्हणाले आणि चहा टाकायला गेले.

दारात चपलांचे दोन जोड होते. भाईसाबांच्या ताज्या चिखलाच्या, आणि दुसऱ्या दादाच्या, कोल्हापुरी. दोन्ही जोड भिंतीला चिकटून, टाचा आत, नाकं बाहेर. दादा तशाच लावायचा, पाहुण्यांच्यासुद्धा. भाईसाब चपला जिथे निघतील तिथे टाकतात, मी कितीदा अडखळलेय. मी आले तेव्हा माझी चप्पल उंबऱ्याशी आडवी काढली होती. आता पाहिलं तर तीही भिंतीला लागून होती, नाकं बाहेर. भाईसाबांनी उचलून ठेवली असेल असं मी धरून चालले.

फोटो फार दिवस पुसला नव्हता. काच पुसायला गरम पाणी हवं म्हणून मी न्हाणीघरात गीझरचं बटण लावलं, लाल दिवा लागला, आणि बाहेर येऊन फडकं शोधायला लागले. न्हाणीघरात टक् असा आवाज झाला. जाऊन पाहिलं तर बटण बंद. पुन्हा लावलं. दारातच उभी राहिले. काही झालं नाही. पाठ वळवली आणि टक्.

दादाला गीझर चालू राहिलेला खपायचा नाही. फुटेल म्हणायचा. आमच्या घरी आला तरी आधी न्हाणीघरात डोकावून बटण बंद करायचा, मग बसायचा.

स्वयंपाकघरात भाईसाब चहाकडे बघत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बटण ढिलं झालंय, भाईसाब. स्प्रिंग गेली असेल."

"नया लगवाया था दिवाली पे."

"तर मिस्त्रीने वाईट लावलं."

"हाँ," ते म्हणाले. "ऐसा ही होगा."

मी मोबाइलमध्ये "भाईसाब, इलेक्ट्रिशियन" असं लिहून ठेवलं. गार पाण्यानेच काच पुसली. सिनेमाचं सगळं त्यांना सांगितलं, फोटो कुठे ठेवणार, पिंड कुठे. ते ऐकत होते. मग विचारलं, "कौवे के छूने वाला भी करेंगे? इसी फोटो के आगे?"

"तेच तर आहे ना. बाकी सगळं मग कशाला?"

ते बराच वेळ फोटोच्या काचेवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "कौवों का हम देख लेंगे."

चित्रीकरणाआधीचा आठवडाभर भाईसाब रोज सकाळी तळ्यावर गेले. ठरलेल्या पायरीवर भाताचा मुटका ठेवायचा आणि दूर व्हायचं, म्हणजे कावळ्यांना जागा ओळखीची होईल, असा बेत होता. मी दोनदा बघायला गेले, कारण काम दिलं की बघून यावं लागतं. झाशीचे कावळे बोंबलून डोकं उठवतात. हे गप्प होते. भाईसाबांची पिशवी दिसली की कडुनिंबावरून एकेक उतरायचे, भिंतीवर ओळीने बसायचे, आणि कुणीही ओरडायचं नाही. पाळीने खायचे. मला ते आवडलं नाही. पण काम होत होतं. परत येताना मी दिग्दर्शकाला फोन केला, कावळे तयार आहेत.

"काकू, तुम्ही आमच्या प्रॉडक्शनला आधी का नाही भेटलात?"

"तुम्ही आधी सिनेमा का नाही काढलात?"

चित्रीकरणाचा दिवस कोरडा, उजेडाचा होता. माणसं मोजकीच: दिग्दर्शक, कॅमेरावाला, दोन नट, आवाजवाला, मेकअपची मुलगी, नातेवाईक म्हणून उभी केलेली आमच्या मंडळातली चार माणसं. अध्यक्ष स्वतः धोतर नेसून आले होते. "सिनेमा तसला असला तरी दहावा आपलाच आहे," असं त्यांनी मला दोनदा ऐकवलं. पायरीवर पाटावर दादाचा फोटो, हार मी सकाळी केलेला. पिंड मी वळला. भाईसाब लांब, त्यांच्या स्कूटरपाशी.

पहिल्यांदा सगळं छान झालं. अध्यक्षांनी वचन दिलं, मग बाकीच्यांनीही दिलं. कावळे भिंतीवर ओळीने बसले होते, चित्र काढल्यासारखे. गोष्टीत इथे कावळा यायचा नव्हता, तो आला नाही. मग तो तरुण नट मागून पुढे आला, गुडघ्यावर बसला, त्याचं वाक्य बोलला. आता कावळा यायला हवा होता.

आला नाही.

पुन्हा केलं. पिंड नवा, दही नवं. तो बोलला. कावळे बसून राहिले. पुन्हा. आवाजवाला, यंत्र बाजूला ठेवून, काव काव करून बघायला लागला. दिग्दर्शकाने सगळ्यांना झाडाआड पाठवलं. फक्त नट आणि फोटो उरले. ऊन पायऱ्यांवरून उतरत चाललं होतं. नटाने कितव्यांदा तरी बोलायला सुरुवात केली, वाक्य विसरला, आणि स्वतःचंच काहीतरी बोलता बोलता रडायला लागला. कॅमेरा चालू होता. कावळ्यांनी माना तिरप्या केल्या, तेवढंच.

मेकअपची मुलगी माझ्या खांद्याशी येऊन उभी राहिली. "आंटी, ये लोग देख किसको रहे हैं?"

मी पाहिलं. पिंडाकडे एकही बघत नव्हता. सगळ्या चोची एकाच दिशेला होत्या. आधी मला वाटलं फोटोकडे. फोटोच्या मागे, सरळ रेषेत, भाईसाब होते.

उजेड पिवळा झाला तेव्हा दिग्दर्शक पायरीवर बसला. "पॅकअप. उद्या संध्याकाळी निघायचंय आपल्याला. कावळा नंतर कंप्युटरवर टाकू."

"म्हणजे दर्भाचाच की," मी म्हटलं.

तो हसला, पण त्याचं तोंड उतरलेलं होतं.

सामान गोळा करणं माझं काम. भांडी मोजून पिशवीत घातली, पत्रावळी उचलल्या, आणि कुणी कचरा टाकलाय का म्हणून भिंतीमागे गेले. तिथे मुंग्यांची रांग होती. दगडावर तुपाचे डाग. पुरीचे तुकडे, जिलबीचा चिकट चुरा, बड्या बाजारातल्या मिठाईच्या दुकानाचा कागद. आणि एक कावळा चोचीत पुरीचा तुकडा धरून नुसता बसला होता. गिळवत नव्हता त्याला. मी एवढ्या जवळ गेले तरी उडाला नाही. पोट भरलेलं जनावर कसं असतं ते कळायला काही फार अक्कल लागत नाही.

भाईसाब स्कूटरवर बसले होते. उजवा हात मफलरमध्ये गुंडाळलेला. मी मफलर सोडला. मनगटावर भाजल्याचा लाल चट्टा होता, अजून ओला.

"सुबह पूरियाँ तलीं?"

त्यांनी मफलर पुन्हा हातावर ओढला.

"किती केल्यात, भाईसाब? सगळ्या झाशीचे कावळे जेवलेत."

"सबको खिलाया," ते हळूच म्हणाले. "कोई भूखा रह जाता तो छू लेता."

मग मला त्या जुन्या सकाळचा वास आठवला. दादाच्या दहाव्याला भाईसाबांच्या कपड्यांना तुपाचा वास येत होता. आम्हा सगळ्यांना वाटलं होतं, आलेल्या माणसांसाठी काही करून आणलं असेल. जेवायला बसलो तेव्हा त्यांच्याकडचं काही नव्हतं, पण त्या दिवशी कोण विचारणार.

"तेव्हाही?"

त्यांनी मान डोलावली. "तुम लोग रात भर वही बात कर रहे थे. कौवा छू लेगा तो भैया चला जाएगा. सब यही चाह रहे थे कि जल्दी छू ले. हमने सोचा, और न छुए तो?"

खाली दिग्दर्शकाची माणसं गाडीत सामान चढवत होती. कुणीतरी हसलं. इथे आम्ही दोघं.

"तो गया नहीं वो," भाईसाब म्हणाले. "रुक गया. हम खुश थे, बिन्नू. झूठ काय को बोलें. पहला साल बहुत अच्छा गया. चप्पल सीधी मिलती थी. रेडियो धीमा कर देता था. फिर..." त्यांनी हाताकडे पाहिलं. "फिर लगा, ये अपनी मर्ज़ी से नहीं है. हमने रोक रखा है. चार जाड़े हो गए, ठंडे पानी से नहा रहे हैं. गीझर चलाओ, बंद. बस यही एक बात कहता है अब. बंद करो, बंद करो."

मला त्या खोक्यांचं कळलं. "आणि आता चावी द्यायची आहे."

"नए लोग आएँगे. बाल-बच्चे वाले. वो उनके बीच में कहाँ रहेगा? और हम ललितपुर में क्या करेंगे, वहाँ से उसको कैसे... आज फोटो देखी पिंड के सामने तो फिर डर गए. सोचा था इस बार जाने देंगे. सुबह तक सोचा था. फिर कढ़ाई चढ़ा दी."

मी स्कूटरला टेकून उभी राहिले. काय करायचं ते माझ्या डोक्यात आपोआप एकाखाली एक येत गेलं, नेहमी येतं तसं. तांदूळ घरी आहेत. तीळ उरलेत. दर्भ दोन जुड्या शिल्लक.

"उद्या सकाळी," मी म्हटलं. "तुम्ही स्वतः करायचं. आणि घरून निघताना रिकाम्या हाताने निघायचं."

त्यांनी स्कूटरला किक मारली.

संध्याकाळी गुरुजींना फोन केला. "चार वर्षांनी दहावा होत नाही," ते म्हणाले.

"दर्भाचा कावळा होतो, मग हेही होऊ दे."

"मी येणार नाही."

"नका येऊ."

फोन ठेवताना ते म्हणाले, "दक्षिणेकडे तोंड करून बसवा त्यांना."

फोटो युनिटच्या गाडीतच राहिला होता, म्हणून दिग्दर्शकालाही सांगावं लागलं. का हवा ते सांगितलं. तो म्हणाला, फोटो मी घेऊन येतो. आणि अगदी चाचरत, कॅमेरा आणला तर चालेल का, ते नाही म्हणाले तर गाडीतून काढणारच नाही. मी भाईसाबांना विचारलं. ते म्हणाले, "हाथ ले लें. मुँह नहीं."

सकाळी धुकं एवढं होतं की तळं दिसत नव्हतं, नुसता पाण्याचा वास येत होता. भात मी घरून करून नेला होता, डब्यातून वाफ येत होती. भाईसाब चालत आले. मी आधी त्यांचे खिसे पाहिले. पाहावे लागले. रिकामे होते. बाजूला जाऊन त्यांनी धोतर नेसलं, नीट जमलं नाही, मी निऱ्या सारख्या करून दिल्या. दक्षिणेला तोंड करून बसवलं. दिग्दर्शक आणि कॅमेरावाला चार पायऱ्या वर होते, धुक्यात त्यांचे पायच दिसत होते. दिग्दर्शकाच्या पायात सँडल नव्हत्या.

कावळे कुठेच दिसत नव्हते. पण होते. डोक्यावर फांद्या हलत होत्या आणि पंख घासल्याचा आवाज येत होता, एकाचा नाही, पुष्कळांचा. ओरडणं नाही.

भाईसाबांनी पिंड ठेवला, तीळ टाकले. तांब्यातून सोडताना पाणी पत्रावळीबाहेर गेलं. मी म्हटलं, "कहिए, भाईसाब."

ते फोटोकडे बघत राहिले. मग रोजच्या आवाजात, घरात बोलतात तसं, म्हणाले, "सुनो. क्वार्टर छोड़ रहे हैं हम. चाबी इकतीस को देनी है. सब बंद कर देंगे, गीझर भी, गैस भी, तुम फिकर मत करो. अब तुम भी..."

वाक्य पुरं झालं नाही. धुक्यातून काळं काहीतरी सरळ खाली आलं, मला वारा लागला, पत्रावळ सरकली. कावळ्याने चोच मारली, मुटक्यातला मोठा तुकडा उचलला आणि गेला. पाठोपाठ झाडावर एकदम कालवा सुरू झाला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा ते कावळ्यांसारखे ओरडत होते.

मी हात जोडले. मला वाटलं भाईसाबही जोडतील. ते तसेच बसले होते, पाणी सोडलेला हात तसाच पुढे. माझ्याकडे वळून पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा रागावल्यासारखा होता.

"इतनी जल्दी?" ते म्हणाले. "बिन्नू, हमने तो पूरा बोला भी नहीं था."

मी तांब्या उचलून उरलेलं पाणी झाडाला घातलं. वरच्या पायरीवर दिग्दर्शक रडत होता, आवाज न करता, आणि कॅमेरावाल्याने कॅमेरा कधीच खाली ठेवला होता. सिनेमात आहेत ते हात म्हणजे फक्त पाणी सोडेपर्यंतचे. कावळा त्यांना मिळाला नाही. तो त्यांनी खरंच कंप्युटरवर टाकला. दिल्लीच्या सभागृहात माझ्या मागे बसलेली बाई शेजारणीला म्हणाली, कावळा खोटा वाटतो नाही?

दुसऱ्या दिवशी मी क्वार्टरवर गेले नाही. मुद्दाम. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी डब्याला पोळ्या लाटत होते आणि फोन वाजला. भाईसाबांचा. पिठाच्या हाताने उचलला.

"बिन्नू."

"जी, भाईसाब."

पलीकडे नळ चालू होता. बादलीत पाणी पडत होतं.

"भाईसाब, काय झालं? सामान बांधायला येऊ का?"

"पानी गरम है," ते म्हणाले.

मी तव्याखालचा गॅस बंद केला.

"सुबह चलाया था. बाहर बैठे रहे, देखते रहे. बंद नहीं हुआ. लाल बत्ती जलती रही." पाण्याचा आवाज वाढला. "खौल रहा है, बिन्नू. किसी ने बंद ही नहीं किया."

काय म्हणावं ते माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं. मी म्हटलं, "नहा लीजिए, भाईसाब. ठंडा हो जाएगा."

"हाँ," ते म्हणाले.

बादली भरून वाहायला लागल्याचा आवाज मला ऐकू येत होता. त्यांनी नळ बंद केला नाही, फोनही ठेवला नाही. मीही ठेवला नाही.